हौसेला मोल असतं, ते पगाराच्या दिवशीच ठरवा

सोलापुरात पहिली नोकरी लागली तेव्हा मी एक बजेट केलं होतं. टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात हिशोबाला होतो, आकड्यांशी रोजची गाठ. तेव्हा स्वतःच्या पगाराचा हिशोब म्हणजे काय मोठी गोष्ट? वहीत सगळी खाती पाडली. खोली, खानावळ, पेट्रोल, घरी पाठवायचे, बचत. हौसमौज या खात्यापुढे ठळक शून्य. फार अभिमान वाटला होता त्या शून्याचा.

दोन महिने ते टिकलं. तिसऱ्या महिन्यात एका रविवारी रात्री, खोलीवर एकटाच पडलेलो असताना, साडेचार हजारांचा ब्लूटूथ स्पीकर हप्त्यावर मागवला. गाणी मी मोबाइलवरच ऐकतो. तो स्पीकर आजही कपाटावर धूळ खातोय.

दोन महिने चहासुद्धा मोजून प्यायचा आणि मग एका रात्रीत साडेचार हजार घालवायचे, हे का होतं ते मला माझ्या घरमालकीणबाईंनी शिकवलं. पूर्व भागात त्यांच्या माडीवर राहायचो. घरात तेलुगू बोलणारी, नवरा कापडाच्या मागावर कामाला, त्या स्वतः विड्या वळायच्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही. आठवड्याचा पगार हातात आला की किराण्याच्याही आधी त्या फळीवरच्या जुन्या पावडरच्या डब्यात थोडे पैसे टाकायच्या. एकदा विचारलं, "अक्का, हे कसले?" म्हणाल्या, "गजऱ्याचे आणि रविवारच्या मटणाचे. आधी नाही काढले तर राहतात होय?"

पुढं जे लिहितोय ते सगळं त्या डब्यावरून सुचलेलं आहे. नुकतेच कमवायला लागलेले, नोकरीसाठी सोलापुरात नवे आलेले, किंवा दर महिन्याला वही घालून दर महिन्याला फाडणारे, अशांसाठी.

पायरी 1: एक महिना काहीही वाचवू नका, फक्त लिहा

पहिल्या महिन्यात खर्च कमी करायचा नाही. जे होतंय ते होऊ द्या, फक्त त्याच दिवशी लिहा. वही, मोबाइल, कॅलेंडरची मागची बाजू, काहीही चालेल. तारीख, रक्कम, कशावर. आणि एक चौथा रकाना पाडा: मजा आली का? आली तर बरोबरची खूण, नाही तर रिकामं.

हा चौथा रकानाच महत्त्वाचा. बाकीचे तीन तर बँकेचा मेसेजही सांगतो.

माझ्या रकान्यात काय निघालं ते सांगतो. कामावरून सुटल्यावर टपरीवरचा चहा, सोबत दोघं-तिघं, आणि मालकाच्या नावानं अर्धा तास गप्पा: खूण. रात्री कंटाळा आला म्हणून अ‍ॅपवरून मागवलेलं, गार होऊन आलेलं काहीतरी: रिकामं. सलग पाच वेळा रिकामं. थेटरात पाहिलेला एक सिनेमा: खूण. एका गाळ्यावर 'ऑफर आहे' म्हणून घेतलेले तीन टी-शर्ट: रिकामं. महिन्याच्या शेवटी बेरीज केली तर खूण नसलेल्या ओळींची रक्कम खूण असलेल्यांच्या दुप्पट भरली. म्हणजे मी चैन करत होतो आणि ती चैन मला कळतही नव्हती.

पायरी 2: गरज, सवय आणि हौस यांना वेगळं बसवा

आता वही समोर घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे ग, स किंवा ह लिहा. गरज ओळखायला सोपी आहे. खरी गफलत सवय आणि हौस यांच्यात होते, कारण दोन्ही खिशातून सारख्याच दिसतात.

माझी ओळखायची खूण अशी: हौसेची आधी वाट पाहिलेली असते. रविवारी नाटकाला जायचं असेल तर गुरुवारपासून डोक्यात असतं. सवयीची कुणी वाट पाहत नाही, ती आपोआप होते आणि तिच्याशिवाय फक्त चुकल्यासारखं वाटतं. दिवसाचा पहिला चहा हौस असू शकतो. चौथा नक्कीच सवय आहे. सिगारेट आणि मावा यांचं काय, असं एकानं मला विचारलं होतं. ते तुम्हीच ठरवा, पण 'ह' लिहिताना हात अडखळला की समजा.

सवयी एकदम तोडू नका. एक निवडा, जी सगळ्यात महाग आणि सगळ्यात बेचव आहे. माझ्या बाबतीत ते रात्रीचं अ‍ॅप होतं. ते काढून टाकलं, बाकी तसंच ठेवलं.

पायरी 3: आकडा काढा, आणि तो शून्य नसावा

इंटरनेटवर 50-30-20 चा नियम सगळीकडे दिसतो: निम्मा पगार गरजांना, तीस टक्के इच्छांना, वीस टक्के बचतीला. वीस हजार पगाराच्या माणसाला तो सांगून बघा. तीस टक्के म्हणजे सहा हजार रुपये हौसेला. घरी पैसे पाठवणारा कुठला पोरगा सहा हजार हौसेला ठेवतो? हा नियम ज्यांच्या घरी पैसे पाठवावे लागत नाहीत त्यांच्यासाठी असावा.

त्यापेक्षा एक खरा हिशोब बघा. खोलीत दोघं राहणारा, हातात वीस हजार येणारा एक जण धरू. घरी 5,000. खोलीतला वाटा 3,000. खानावळ 3,200. वीज, मोबाइल आणि पाण्याचे जार मिळून 900 (आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे जारचं खातं सोलापूरकराला धरावंच लागतं). पेट्रोल 1,300. साबण, औषध, केस कापणं वगैरे 800. बचत 2,500. झाले 16,700. उरले 3,300.

या 3,300 चे तीन भाग करायचे. 1,200 महिन्याच्या हौसेला, 1,000 वर्षाच्या हौसेला, आणि 1,100 अडीअडचणीला. तुमचे आकडे वेगळे असतील. पगार बारा हजार असेल तर महिन्याची हौस चारशेच निघेल कदाचित. चालेल. मात्र ती ओळ बचतीच्या शेजारी, बचतीइतक्याच ठाम अक्षरात लिहा. 'उरलं तर बघू' असं लिहिलेली हौस उरत नाही, मग ती रविवारी रात्री स्पीकर होऊन येते.

उन्हाळ्याचं एक लक्षात ठेवा. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचं ऊन चाळिशी ओलांडतं, कूलर दिवसरात्र चालतो आणि विजेचं बिल फुगतं. त्या दोन महिन्यांत अडीअडचणीच्या खात्यातून बिल भागवा, हौसेला हात लावू नका. ऐन उन्हात रसवंतीवर उसाचा रस प्यायला पैसे नसणं ही काटकसर म्हणवत नाही.

पायरी 4: पाकीट खरोखर वेगळं करा

मनातल्या मनात बाराशे बाजूला ठेवणं म्हणजे न ठेवणं. पैसे दिसायला वेगळे हवेत.

रोख वापरत असाल तर अक्कांचा डबा उत्तम. पण आता टपरीवरही क्यूआर कोड असतो, त्यामुळे मी यूपीआय लाइट वापरतो. तुमच्या नेहमीच्या पेमेंट अ‍ॅपमध्येच ते सुरू करता येतं. बँक खात्यातून थोडी रक्कम त्यात काढून ठेवायची आणि छोटे खर्च त्यातून, पिन न घालता. एका वेळी एक हजारापर्यंत खर्च करता येतो आणि आत जास्तीत जास्त पाच हजार ठेवता येतात. त्यावर व्याज नाही, पण नको असेल तेव्हा रक्कम परत बँक खात्यात वळवता येते. मला आवडलेली गोष्ट अशी की बँकेच्या पासबुकात फक्त भरलेली रक्कम दिसते, आतले दहा-वीसचे खर्च ओळीओळीनं येत नाहीत. पासबुक सुटसुटीत राहतं.

महिन्याचे बाराशे एकदम भरू नका. दर शनिवारी तीनशे. एक तारखेला बाराशे भरले तर दहा तारखेला संपतात, हे मी करून बघितलंय. महिन्यात पाचवा शनिवार आला तर त्या आठवड्यात मागचं उरलेलं वापरायचं. आणि अ‍ॅपमधला 'ऑटो टॉप-अप' बंद ठेवा. तो चालू राहिला तर पाकीट स्वतःच भरत राहील आणि सगळा खटाटोप वाया.

पाकिटाचे नियम दोनच. संपलं की शनिवारपर्यंत थांबायचं. आणि त्यातल्या पैशाचा हिशोब कुणाला द्यायचा नाही, स्वतःलासुद्धा नाही. पहिल्या महिन्याची वही आता बंद. तीनशे रुपयांचा नुसता रस प्यायलात तरी तो तुमचा रस. नवरा-बायको दोघं कमावत असतील तर दोघांची पाकिटं वेगळी ठेवा, आणि 'त्या तीनशेचं काय केलंस?' हा प्रश्न घरात विचारायचा नाही असं आधीच ठरवा. एकच जण कमावत असेल तर हे आणखी जरुरीचं. घर सांभाळणाऱ्या माणसाला गजऱ्यासाठी हात पसरावा लागू नये.

पायरी 5: मोठ्या हौसेसाठी वर्षाचं खातं

काही हौशी आठवड्याच्या तीनशेत बसत नाहीत. सोलापुरात त्यांचा राजा म्हणजे गड्डा. सिद्धेश्वर महाराजांची यात्रा, संक्रांतीच्या आसपासचे दिवस, नंदीध्वजांच्या मिरवणुका, आणि होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, खेळणी, भांडी, खाण्याचे गाळे. घरात पोरं असतील तर एका संध्याकाळी हजार रुपये कसे जातात कळत नाही. डिसेंबरच्या पगारात ते बसवायला गेलं की जानेवारी कोलमडतो.

तेव्हा महिन्याच्या त्या हजाराचं वर्षाला बारा हजार होतं ते असं वाटा: दिवाळी 5,000, लग्नाचे आहेर 3,000, गड्डा 1,500, एक सहल 1,000, आणि उरलेले 1,500 चादरींना.

हो, चादरींना. सोलापुरात नवे असाल तर हे खातं कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. तुम्ही इथं राहायला आलात की पुण्या-मुंबईच्या, लातूर-नांदेडच्या प्रत्येक नातेवाइकाला अचानक थंडी वाजायला लागते. "सोलापूरलाच आहेस ना, येताना दोन चादरी आण की. आणि ती शेंगाची चटणीपण." पैसे कुणी विचारत नाही, आपल्यालाही मागवत नाहीत. पहिल्या वर्षी माझ्या सहा चादरी आणि तीन टॉवेल गेले. आता मी फोनवरच विचारतो, "आणतो की मावशी, किती रुपयांपर्यंतची बघू?" या एका वाक्यानं निम्म्या मागण्या मिटतात. उरलेल्या निम्म्या आनंदानं द्याव्यात, त्यासाठी दीड हजार ठेवलेत.

हे वर्षाचे पैसे कुठं साठवायचे? माझ्या मते बँकेतली बारा महिन्यांची आवर्ती ठेव (आरडी, दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची) सगळ्यात बिनघोर. पोस्टाची आवर्ती ठेव शंभर रुपयांपासून सुरू होते, पण ती पाच वर्षांची असते. गड्ड्यासाठी ती कामाची नाही, बहिणीच्या लग्नासाठी ठीक.

आपल्याकडे पिग्मीची पद्धत जुनी आहे. रोज संध्याकाळी एजंट येतो, वीस-पन्नास घेऊन जातो. ही कल्पना कर्नाटकातून आली. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं 1928 मध्ये रोज दोन आण्यांपासून ती सुरू केली होती. ज्याच्या हाती रोजचा गल्ला येतो, त्या पानपट्टीवाल्याला, भाजीवालीला ती खरंच सोयीची. फक्त तीन गोष्टी बघा. रोज पावती किंवा मोबाइलवर मेसेज घ्या, एजंट कितीही ओळखीचा असो. मुदतीआधी मोडली तर किती कापतात ते आधीच विचारा. आणि पैसे बँकेत जातायत की पतसंस्थेत, हे तपासा. बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतही. पतसंस्थेला तो विमा नाही.

भिशीबद्दल माझं मत जरा कडू आहे. ऑफिसातल्या, गल्लीतल्या दहा-बारा जणांची छोटी भिशी चांगली; जेवणाच्या निमित्तानं माणसं भेटतात, तीच एक हौस असते. पण जास्त पैशांचं आमिष दाखवणारी, चालवणारा ओळखीचा नसलेली भिशी लांबच ठेवा. नोंदणी नसलेल्या भिशीत पैसे अडकले की कागद काहीच नसतो. माझे आठ हजार असेच गेलेत, त्यात एक अख्खी दिवाळी गेली.

पायरी 6: तीनशे रुपयांत सोलापूर

खरी मजा इथं आहे. आठवड्याला तीनशे म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण हे शहर गरिबाच्या हौसेला मोठं मोकळं आहे.

पैसे न लागणाऱ्यापासून सुरू करा. संध्याकाळी उन्हं कलल्यावर सिद्धेश्वर तलावाकाठी जा. मंदिर पाण्याच्या मधोमध, शेजारी भुईकोट किल्ल्याचे बुरूज. तिथून चालत पार्क चौकात या आणि चाटच्या गाड्यांपुढे उभं राहून एकच प्लेट निवडा. एकच. घासाघासाला खाल्लेली एक प्लेट घाईनं संपवलेल्या तीन प्लेटांपेक्षा जास्त पुरते.

खाण्यात सोलापूरचं सुख कोरडं आणि टिकाऊ आहे, हे बजेटवाल्यांचं नशीब. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. (नवीन आलेल्यांना: इथं शेंगा म्हणजे शेंगदाणे. दुकानात 'शेंगदाण्याची चटणी' मागितली तरी मिळेल, पण तुम्ही बाहेरचे हे लगेच कळेल.) ज्वारीची कडक भाकरी पातळ, पापडासारखी, आठवड्याहून जास्त राहते. पाव किलो चटणी महिनाभर पुरते. वर दही, कच्चा कांदा, जमलं तर थोडं शेंगतेल. रात्री अ‍ॅप उघडायला बोट शिवशिवलं की आधी हे ताट वाढून घ्या. माझी ती महागडी सवय नुसत्या निश्चयानं सुटली नव्हती, या डब्यानं सुटली. चटणी घरी करायची असेल तर भाजलेल्या शेंगा, लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ, आणि मिक्सरऐवजी खलबत्ता. कुटता कुटता तेल सुटायला लागलं की झाली. मिक्सरमध्ये तिचा भुगा होतो, चटणी होत नाही.

ऋतूप्रमाणे हौस बदला, म्हणजे पैसे आपोआप वाचतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हुरडा. शहराबाहेरच्या हुरडा पार्ट्यांचे माणशी दर आता बरेच चढलेत. त्यापेक्षा ऑफिसात कुणाचं शेत आहे ते शोधा आणि जाताना गूळ, दही, चटणी घेऊन जा. रमजानमध्ये विजापूर वेशीत रात्री फेरी मारा, खिशात शंभरच ठेवून. पावसाळ्यात एसटीनं नळदुर्ग. हैदराबाद रस्त्यावर, तास-दीड तासाचा प्रवास. किल्ल्यातला पाणी महाल आणि पाणी चांगलं असेल तर नर-मादी धबधबा. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे आईला, बहिणीला घेऊन जाणं जड जात नाही. डबा घरून न्या.

नाटकाची आवड असेल तर हुतात्मा स्मृती मंदिराबाहेरच्या फलकावर नजर ठेवा (12 जानेवारी 1931 रोजी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या स्मरणार्थ ते नाव आहे). मागच्या रांगेचं तिकीट काढा. दोन आठवड्यांचं पाकीट जाईल, पण मी म्हटलं तसं, गुरुवारपासून वाट पाहता येईल. वाचणाऱ्यांनी एखाद्या वाचनालयाची वर्गणी भरावी. महिन्याच्या वर्गणीत अख्खं कपाट हाती येतं.

पायरी 7: मित्रांना काय सांगायचं

बजेट मोडतं ते दुकानात कमी आणि मित्रांत जास्त. "का बे, येतो का? ढाब्यावर चाललोय." जास्त पगाराचा एक, नुकताच बोनस मिळालेला एक, आणि आपण.

खोटं कारण देऊ नका, ते लक्षात ठेवावं लागतं. मी सरळ सांगतो, "या आठवड्याचं पाकीट संपलं बे, शनिवारी येतो." पहिल्यांदा हसतात. दुसऱ्यांदा एखादा हळूच विचारतो, पाकीट म्हणजे काय करतो रे तू? आणि ढाब्यावर गेलातच तर बसायच्या आधी टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) म्हणून टाका, बिल आल्यावर नाही. एकानं सगळ्यांचं भरायचं आणि पुढच्या वेळी दुसऱ्यानं, हा प्रकार मोठ्या मनाचा वाटतो खरा, पण त्यात प्रत्येक जण 'आज तो देणार' म्हणून एक डिश जास्त मागवतो.

पायरी 8: मोडलं तर

मोडणारच. पाहुणे येतील, गाडी पंक्चर होईल, एखाद्या शुक्रवारी मन ताब्यात राहणार नाही.

तेव्हा पुढच्या आठवड्याचं पाकीट शिक्षा म्हणून रिकामं ठेवू नका. मी तेच करायचो आणि त्यातूनच स्पीकर आला. जास्त गेलेली रक्कम अडीअडचणीच्या खात्यातून वळती करा, वहीत एक ओळ लिहा, आणि शनिवारी पाकीट नेहमीसारखं तीनशेनं भरा. सलग तीन महिने मोडत असेल तर मात्र आकडाच चुकलाय: हौसेचे बाराशे पंधराशे करा आणि ते तीनशे कुठल्या 'स' ओळीतून काढायचे ते शोधा. पायरी 2 ची वही त्यासाठीच जपून ठेवायची.

अक्का अजून तिथंच राहतात. मागच्या गड्ड्यात भेटल्या, नातवाला पाळण्यात बसवून खाली उभ्या होत्या, डोक्यात गजरा. स्पीकरचं सांगितलं तेव्हा खूप हसल्या आणि म्हणाल्या, "विकून टाक की तो, डबा घे एक."